हालाँग बेवरची मुक्कामाची बोट : पैसे नेमके कशाचे मोजावेत

व्हिएतनामच्या ईशान्य किनाऱ्यावरील हालाँग बेची बोटीची सहल ‘दोन दिवस, एक रात्र’ या नावाने विकली जाते आणि पहिली मेख त्या नावातच आहे. दुपारी साडेबाराच्या आसपास बोट धक्का सोडते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-साडेअकराला प्रवासी पुन्हा धक्क्यावर उतरलेले असतात. म्हणजे दोन दिवसांचे म्हणून जे घेतले जाते, ते पाण्यावर पुरता एक दिवसही भरत नाही. त्यातून जेवणाचे तास, गुहेपुढची रांग, खोल्यांच्या चाव्यांचे वाटप आणि सुरक्षेच्या सूचना वजा केल्या, तर हाती उरणारा वेळ बहुतेक रात्रीचा आणि पहाटेचा असतो. माझ्या मते या सहलीत पैसे मोजायचे ते याच वेळेचे. गुहा, कयाक म्हणजे वल्हवायची छोटी होडी, टेकडीवरून दिसणारा देखावा हे सगळे सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या बोटीही दाखवतात आणि बऱ्याच स्वस्तात दाखवतात. मुक्कामाच्या बोटीकडे त्यांच्याहून वेगळे असे एकच आहे, ते म्हणजे दिवसाच्या बोटी निघून गेल्यानंतरचा उपसागर. बोट निवडताना, भाव ताडून पाहताना आणि छापील वेळापत्रक वाचताना मी हीच एक कसोटी लावली. पुढचे मतही तिच्याच आधाराने दिले आहे.

बोटीचे नाव येथे मुद्दामच दिलेले नाही. तिच्यातले गुण आणि दोष दोन्ही त्या किमतीच्या बहुतेक बोटींत आढळतात, आणि एका कंपनीला धरून बोलण्यापेक्षा कोणत्याही कंपनीला कोणते प्रश्न विचारावेत हे सांगणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

प्रथम जागेविषयी, कारण मार्गाच्या निवडीवर निम्मी सहल ठरते आणि विक्रेते नेमके तेच धूसर ठेवतात. क्वांग निन्ह प्रांतातला हा जलप्रदेश सुमारे १,५५३ चौरस किलोमीटरचा असून त्यात १,९६९ बेटे मोजलेली आहेत. त्यांतली बहुतेक बेटे म्हणजे चुनखडीचे उभे, निर्मनुष्य सुळके आहेत. युनेस्कोने १९९४ मध्ये सौंदर्यासाठी आणि २००० मध्ये भूशास्त्रीय महत्त्वासाठी याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये शेजारच्या हायफाँग शहराच्या हद्दीतील कात बा द्वीपसमूहही त्यात जोडला. प्रवाशाच्या सोयीसाठी या सलग पाण्याचे तीन भाग समजावेत : मधला मूळ हालाँग, ईशान्येचा बाय तू लाँग आणि दक्षिणेला कात बा बेटाला लागून असलेला लान हा. जाहिरातीत तिन्ही एकाच नावाखाली खपतात, पण रात्रीच्या दृष्टीने त्यांत बराच फरक आहे. मधल्या भागात नावाजलेली सगळी ठिकाणे एकमेकांजवळ असल्यामुळे बोटींची गर्दीही तेथेच एकवटते. बाय तू लाँगमध्ये सुळके अधिक विखुरलेले आहेत, गुहा तितक्या भव्य नाहीत, पण नांगर टाकल्यावर आजूबाजूला मोजक्याच बोटी दिसतात. लान हामध्ये बेटे दाटीवाटीने उभी असून मधूनमधून पांढऱ्या वाळूचे छोटे किनारे आहेत, त्यामुळे पोहण्याची आवड असलेल्यांना तो भाग अधिक मानवतो. ही सहल मधल्या मार्गावरची होती. बाय तू लाँगचा मार्ग त्याआधी पाहिलेला असल्याने तुलना करता आली.

हनोईहून धक्क्यापर्यंतचा प्रवास आता सुसह्य झाला आहे. हायफाँगकडून हालाँगला जाणारा द्रुतगती मार्ग २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून पूर्वीचे चार तास सुमारे अडीच तासांवर आले आहेत. वाटेत बाक डांग नदीचा मोठा पूल लागतो. १२८८ मध्ये चान हुंग दाओ या सेनापतीने याच नदीच्या तळाशी लाकडी सुळे रोवून ओहोटीच्या वेळी मंगोल आरमार त्यांवर अडकवले आणि बुडवले. गाडीतल्या मार्गदर्शकाने हा प्रसंग इतक्या रंगून सांगितला की समोरच्या बाकावरचे पेंगणारे प्रवासीही सावरून बसले. त्यानंतर मात्र गाडी मोती आणि दगडी मूर्तींच्या एका अवाढव्य दुकानासमोर थांबते. स्वच्छतागृहासाठी म्हणून हा थांबा सांगितला जातो. पण स्वच्छतागृहाकडे जाण्याची वाट दागिन्यांच्या काचपेट्यांच्या रांगांमधूनच काढलेली असते आणि वीस मिनिटांचा थांबा सहज अर्ध्या तासावर जातो. काही कंपन्या जादा पैसे घेऊन थेट गाडी देतात. सहल मुळात तेवीस तासांची असली, तर हा अर्धा तास विकत घेऊन वाचवण्यासारखा आहे.

तुआन चाऊच्या धक्क्यावर पासपोर्ट गोळा केले जातात, कारण बोटीवरील प्रत्येक प्रवाशाची यादी बंदर प्रशासनाकडे नोंदवल्याखेरीज बोट सुटत नाही. मूळ पासपोर्टऐवजी छायाप्रत घेऊन येणाऱ्यांची येथे पंचाईत होते. धक्क्यावर उभ्या असलेल्या जवळजवळ सगळ्या बोटी पांढऱ्या दिसतात, आणि हा योगायोग नाही. २०१२ च्या सुमारास प्रांतिक प्रशासनाने पर्यटक बोटींना पांढरा रंग सक्तीचा केला. त्यापूर्वीच्या छायाचित्रांतल्या तपकिरी लाकडी बोटी आणि त्यांची पंख्यासारखी तांबडी शिडे पाहून कोणी आला, तर त्याचा हिरमोड होईल. आता बहुतेक बोटी पोलादी सांगाड्याच्या, तीन-चार मजली आणि सपाट भिंतींच्या आहेत. देखणेपणात त्या जुन्या बोटींच्या पासंगालाही पुरत नाहीत, पण रात्री त्यांच्यातच झोपायचे असल्यामुळे ही अदलाबदल मला मान्य आहे.

खोलीविषयी तक्रारीला फारशी जागा नव्हती. खाली उतरता येईल एवढी ऐसपैस जागा दोन्ही बाजूंना सोडून पलंग मांडलेला होता, न्हाणीघराला मोठी काच होती आणि गरम पाणी लगेच येत होते. सज्जा जेमतेम दोन खुर्च्यांचा. पण सज्जा असावाच, असे मी आग्रहाने सांगेन, कारण वरच्या डेकवर माणसे, संगीत आणि दिवे असतात, तर सज्ज्यात दिवा मालवला की थेट पाणी आणि सुळका समोर येतो. खोली निवडताना आकारापेक्षा तिची जागा पाहावी. बोटीचे जनित्र रात्रभर चालू असते, आणि सर्वांत खालच्या मजल्यावर मागच्या टोकाला असलेल्या खोल्यांत त्याची घरघर उशीतून कानाला जाणवते. आमची खोली मधल्या मजल्यावर, पुढच्या भागात होती आणि तेथे हा त्रास नगण्य होता. शेजारच्या एका वृद्ध दांपत्याने मात्र खालची मागची खोली थोडी स्वस्त म्हणून घेतली होती आणि सकाळी न्याहारीच्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर तो सौदा स्पष्ट दिसत होता. जकूझी, टबबाथ, छतावरचे पोहण्याचे छोटे कुंड या गोष्टी माहितीपत्रकात ठळक छापलेल्या असतात. त्यांचा उपयोग करणारे कोणी मला दिसले नाही.

पहिल्या दुपारचा कार्यक्रम सर्व बोटींचा जवळपास सारखाच असतो, आणि हाच या मार्गाचा सर्वांत मोठा दोष आहे. जेवण आटोपताच बो होन बेटावरील सुंग सोत गुहेकडे सगळ्या बोटी एकाच वेळी वळतात. फ्रेंचांनी १९०१ मध्ये या गुहेची नोंद केली आणि आश्चर्याची गुहा असे तिचे नाव ठेवले. सुमारे दहा हजार चौरस मीटरच्या तिच्या दोन दालनांपैकी दुसऱ्या दालनात शिरताना छत एकाएकी इतके उंच होते की पुढे चालणाऱ्या माणसांचा आवाजही बदलतो. गुहा भव्य आहे यात वाद नाही. पण जाण्याची वाट एकच, ती अरुंद, आणि प्रत्येक गटाच्या मार्गदर्शकाकडे छोटा ध्वनिक्षेपक. त्यामुळे चार भाषांत एकाच वेळी ‘हा पाहा सिंह, हे पाहा कासव’ चालू असते. लवणस्तंभांत प्राणी शोधण्याच्या या खेळात त्यांची खरी गोष्ट मागे पडते. येथील चुनखडी साधारण ३४ ते २४ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचली, पुढे वर उचलली गेली, पावसाच्या पाण्याने तिला पोखरून डोंगर आणि दऱ्या कोरल्या, आणि गेल्या काही हजार वर्षांत समुद्राची पातळी वाढल्यावर त्या दऱ्यांत पाणी भरून डोंगरांची शिखरे तेवढी बेटे म्हणून वर उरली. म्हणजे बोट ज्यावरून तरंगते तो बुडालेला डोंगराळ मुलूख आहे. हे एक वाक्य जरी गुहेच्या तोंडाशी कोणी सांगितले असते, तरी त्यानंतर दिसणारा प्रत्येक सुळका वेगळ्या नजरेने पाहिला गेला असता.

कयाकचा पाऊण तास हा या दुपारचा उत्तम भाग होता. तो लुऑन गुहेत गेला. लुऑन ही खरे तर गुहा नसून सुळक्याच्या पायथ्याशी असलेली बुटकी कमान आहे, आणि तिच्यातून वल्हवत गेले की चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेले गोल तळे लागते. हालाँग बे ज्याचा भाग आहे त्या टोंकिनच्या आखातात भरती-ओहोटीचा एक विशेष आहे : बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा येणारी भरती येथे बहुधा एकदाच येते, आणि मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी तीन-चार मीटरनेही वर-खाली होते. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी चालू होती, त्यामुळे कमानीखाली मान वाकवावी लागली नाही, आणि सुळक्याच्या बुडाशी पाण्याने कोरलेली खाच पूर्ण उघडी पडली होती. कयाक या खाचेखाली नेऊन थांबवला, तर वर दोन-तीन मीटरपर्यंत खडकाचे छप्पर येते. त्याला कालवांच्या शिंपल्यांचा करवतीसारखा धारदार थर चिकटलेला असतो, त्याच्या वर ओलसर काळी पट्टी, आणि तिच्याही वर, जेथे खारे पाणी पोहोचत नाही तेथे, खडकाच्या फटीतून एखादे सायकसचे झाड डोके बाहेर काढून असते. पाणी खडकाला लागून मागे सरकते तेव्हा शिंपल्यांच्या पोकळ्यांतून बारीक चटचट आवाज येतो. मोठ्या बोटीच्या डेकवरून हे काहीच कळत नाही. येथे कयाकऐवजी स्थानिकांनी वल्हवलेल्या बांबूच्या नावेतही बसता येते. ज्यांचे खांदे दुखतात त्यांनी संकोच न करता तोच पर्याय घ्यावा. फक्त त्या दिवशीच्या भरतीची वेळ आधी विचारून ठेवावी, कारण पूर्ण भरतीत या कमानीखालून जाणे अवघड होते.

टी टॉप बेटावर मी फार वेळ घालवणार नाही. सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव्ह १९६२ मध्ये हो ची मिन्ह यांच्यासोबत येथे आला होता आणि बेटाला त्याचेच नाव दिले आहे. किनाऱ्यावर त्याचा पुतळाही आहे. शिखरावर चढायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वरून दिसणारे दृश्य पायपिटीचे चीज करते, परंतु त्यात बेटांइतक्याच पांढऱ्या बोटीही दिसतात.

साडेचारनंतर दिवसाच्या बोटी बंदराकडे वळू लागल्या, आणि ज्यासाठी ही सहल घ्यावी असे मी वर म्हटले, ते येथून सुरू झाले. आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस गेलो होतो, त्यामुळे सव्वापाचलाच सूर्य मावळला. ऊन उतरताना सुळक्यांचा हिरवा-करडा रंग आधी निळसर होतो आणि मग मागच्या रांगेपासून एकेक रांग सपाट होत जाते, जणू कोणी कागदाच्या आकृत्या एकामागे एक उभ्या केल्या आहेत. घारी पाण्यावर घिरट्या घालत होत्या आणि जेवणाच्या उरलेल्या तुकड्यांसाठी बोटींच्या मागे झेपावत होत्या. नेमक्या याच वेळी ध्वनिक्षेपकावरून स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकाची घोषणा झाली. तांदळाच्या पातळ कागदात भाज्या, शेवया आणि खिमा गुंडाळून ‘नेम’ नावाची सुरळी करायला शिकवतात. शिकवणारा आचारी हसतमुख होता आणि पदार्थही चांगला झाला. पण कार्यक्रम आखणाऱ्याने हा पाऊण तास सूर्यास्तावरच का ठेवावा, याचे उत्तर मला मिळाले नाही. माझ्या मते प्रवाशांना सतत गुंतवून ठेवले नाही, तर त्यांना पैसे वाया गेल्यासारखे वाटेल, अशी या व्यवसायाची धास्ती आहे. घोषणा कानाआड करून कठड्याशी उभे राहणाऱ्यांना कोणी अडवत नाही, हे मात्र कंपनीच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

रात्रीचे जेवण चांगले होते आणि मासे-कालवे खाणाऱ्यांसाठी तर फार चांगले. लिंबू-मिरीत बुडवून खाण्याच्या उकडलेल्या कोळंब्या, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून भाजलेली कालवे, आले घालून वाफवलेला अख्खा मासा असे एकामागून एक येत राहिले. शाकाहारी प्रवाशाने मात्र आरक्षण करतानाच, आणि पुन्हा बोटीवर चढताना, स्पष्ट सांगून ठेवावे. व्हिएतनामी स्वयंपाकात माशांच्या आंबवलेल्या पाण्याचा वापर मिठाइतकाच सहज होतो. त्यामुळे ‘मांस नको’ म्हटले तरी भाजीत ते पडू शकते. आमच्या टेबलावरील शाकाहारी कुटुंबाला टोफूचे तीन प्रकार, परतलेली हिरवी भाजी आणि भात मिळाला. पोट भरले, पण दुसऱ्या दिवशी तेच तिन्ही प्रकार पुन्हा आले.

जेवणानंतर म्हाकूळ पकडण्याचा कार्यक्रम असतो. बोटीच्या मागच्या टोकाला पाण्यावर प्रखर दिवा सोडतात आणि बांबूची छडी हातात देतात. म्हाकूळ क्वचितच गळाला लागते. त्या रात्री कोणालाही लागले नाही. परंतु म्हाकूळाची आशा सोडून नुसते दिव्याखालच्या हिरव्या वर्तुळाकडे पाहत बसावे. बोटभर लांबीचे, काचेसारखे आरपार मासे तेथे गोळा होतात, त्यांच्यातून कोळंबीची पिले तिरकी सरकतात, आणि मधूनच खालच्या अंधारातून काहीतरी मोठे वर येऊन गेले की सारा घोळका एका क्षणात विस्कटतो. लहान मुले येथे कंटाळत नाहीत. मोठ्यांनाही उठवत नाही.

आता रात्रीच्या शांततेविषयी, कारण जाहिरातीतले सर्वांत मोठे वचन तेच आहे. बोटींना वाटेल तेथे नांगर टाकता येत नाही. मुक्कामासाठी प्रशासनाने ठरावीक जागा नेमून दिलेल्या आहेत, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. याचा अर्थ असा, की छायाचित्रातली एकाकी बोट प्रत्यक्षात एकाकी नसते. मधल्या मार्गावर आमच्याभोवती इतक्या बोटी उजळलेल्या होत्या की पाण्यावर एखादी छोटी वस्ती वसल्यासारखे दिसत होते, आणि त्यांतल्या एकीवर दहा वाजेपर्यंत कराओके रंगला होता. शिवाय क्षितिजावर हालाँग शहराच्या उंच इमारतींच्या दिव्यांचा पिवळसर उजेड रात्रभर मावळत नाही. हा प्रांत कोळशाच्या खाणींचा आणि बंदरांचाही आहे, हे त्या उजेडाने आठवत राहते. बाय तू लाँगमध्ये हा उजेड बराच फिका होता आणि शेजारही विरळ. म्हणून आरक्षणापूर्वी विचारण्याचा पहिला प्रश्न खोलीच्या चौरस फुटांचा नसावा. बोट रात्री कोणत्या जागी नांगर टाकते आणि त्या जागी आणखी किती बोटी असतात, हा असावा. विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसेल, तर त्याने ती बोट पाहिलेली नाही असे समजायला हरकत नाही.

तरीही साडेअकरानंतर जे उरले ते पुरेसे होते. कराओके केव्हाच थांबला होता, बहुतेक बोटींचे डेकवरचे दिवे मालवले गेले, आणि सज्ज्यात बसल्यावर भरतीबरोबर बोट नांगराच्या दोरावर सावकाश फिरते आहे हे कळू लागले. समोरचा सुळका हळूहळू डावीकडे सरकला आणि त्याच्या जागी दुसरा आला. दिवसा वीस-तीस मीटर दूर वाटणारा कडा अंधारात हाताला लागेल इतका जवळ भासतो, कारण त्याच्याकडून पाण्याचा आवाज परतून येतो. आतल्या पाण्यात लाटा जवळपास नसतात. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनीही या सहलीला घाबरू नये. पहाटे साडेपाचला डेकवर फक्त एक खलाशी होता, तो कठडे पुसत होता. सहा वाजता ताय ची शिकवणारा प्रशिक्षक आला तोवर उजाडले होते, आणि एक कोळीण नाव वल्हवत, फळे आणि बिस्किटांचे पुडे मांडून, बोटीच्या कडेकडेने विक्री करत फिरत होती.

या पाण्यावर पूर्वी माणसे कायमची राहत असत. कुआ वान, वुंग व्हिएंग अशा तरंगत्या वस्त्यांतली बहुतेक कुटुंबे २०१४ च्या सुमारास सरकारने किनाऱ्यावरील वसाहतीत हलवली; मुलांच्या शाळा आणि वादळांचा धोका ही त्यामागची कारणे सांगितली गेली. आज वुंग व्हिएंगमध्ये बांबूच्या नावा वल्हवणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येक जणी कामापुरत्या येतात आणि परत जातात. कंपन्या ही फेरी ‘मच्छीमारांचे गाव’ म्हणून दाखवतात. फेरी सुंदर आहे, मार्गदर्शनही नीट होते, पण ज्या वस्तीचे घर म्हणून वर्णन केले जाते, तेथे आता घरे थोडी आणि मोत्यांच्या शेतीचे तराफे जास्त आहेत, हे प्रवाशाला आधी सांगायला हवे.

स्वच्छतेबाबत चित्र संमिश्र आहे. सप्टेंबर २०१९ पासून पर्यटक बोटींवर एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकला बंदी आहे, आणि आमच्या बोटीवर ती कसोशीने पाळली जात होती. पाणी काचेच्या बाटल्यांत, नळ्या बांबूच्या. पाण्यावर मात्र मत्स्यशेतीच्या तराफ्यांचे तुटलेले थर्मोकोल, दोराचे तुकडे आणि क्वचित पिशव्या तरंगताना दिसतात, विशेषतः ओहोटीच्या रेषेवर. कचरा जाळ्याने गोळा करणाऱ्या नावाही दिसल्या. अस्वच्छ म्हणण्याइतकी वाईट स्थिती नव्हती, आणि माहितीपत्रकातल्या पाचूसारख्या पाण्याइतकी चांगलीही नव्हती.

सुरक्षा हा विषय सहलीच्या गप्पांत टाळला जातो, म्हणून येथे सविस्तर लिहितो. फेब्रुवारी २०११ मध्ये टी टॉपजवळ नांगरलेल्या मुक्कामाच्या बोटीत पहाटे पाणी शिरून बारा जण झोपेत असतानाच बुडाले. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी चक्रीवादळाने धक्क्यावर बांधलेल्या अनेक पर्यटक बोटी बुडवल्या. जुलै २०२५ मध्ये अचानक उठलेल्या वादळी पावसात दिवसाच्या फेरीची एक बोट उलटून पस्तीसहून अधिक माणसे दगावली. या पार्श्वभूमीवर बोटीवर चढताच जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत, खोलीची काच फोडायची हातोडी जागेवर आहे का आणि डेकवर जाणारा दुसरा जिना कोणता, हे पाहून घेण्याला कोणी भित्रेपणा म्हणू नये. आमच्या बोटीवर सूचना दिल्या गेल्या, पण स्वागताच्या सरबताबरोबर आणि चार मिनिटांत. लहान मुलांच्या मापाचे जाकीट मागितल्यावर मात्र लगेच मिळाले. वादळाचा इशारा असेल तर बोट सोडायची की नाही, हे बंदर प्रशासन ठरवते आणि कंपनीला त्यात वाव नसतो. म्हणून रद्द झालेल्या फेरीचे पैसे पूर्ण परत मिळतात की दुसरी तारीख गळ्यात मारली जाते, हे लेखी घ्यावे. जून ते सप्टेंबर वादळांचा काळ आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये भुरभुर पाऊस आणि धुके अनेक दिवस हटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत भरवशाचे. एप्रिलही चालेल.

पैशांचे गणित असे की या वर्गातील बोटींचा दर माणशी साधारण तीस ते पन्नास लाख डाँगच्या (डाँग हे व्हिएतनामचे चलन) दरम्यान असतो. त्यात हनोईहून गाडी सर्वत्र धरलेली नसते, पेये तर जवळजवळ कधीच नसतात. बोटीवर बियरची बाटली किनाऱ्यावरील दराच्या तिप्पट पडली, साधे पिण्याचे पाणीही खोलीतल्या दोन बाटल्यांनंतर मोजून मिळत होते, आणि बाहेरून आणलेल्या बाटलीवर उघडण्याचे शुल्क होते. दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच खोली सोडायला लावतात आणि त्यानंतर उरलेला दीड-दोन तास प्रवासी जेवणघरात आपल्या बॅगांशेजारी बसून काढतात. हा या सहलीचा सर्वांत रटाळ भाग, आणि नेमका याच वेळी बोट सुळक्यांच्या सर्वांत देखण्या रांगांतून परतत असते. बॅग स्वागतकक्षात टाकून सरळ वरच्या डेकवर जावे. बिल चुकवताना दोन लाख डाँगची नोट हाती आली, तर तिच्या मागच्या बाजूला छापलेला धूपदाणीसारखा खडक याच उपसागरातला आहे. काही बोटी मुद्दाम त्याच्या जवळून जातात आणि मग सगळ्या डेकवर नोटा उंच धरून छायाचित्रे काढणे चालते.

दोन रात्रींची सहल घ्यावी का, असे अनेक जण विचारतात. कसोटी रात्रीची असल्यामुळे उत्तर सोपे वाटेल, पण एक अट आहे. बहुतेक कंपन्यांत पहिल्या रात्रीनंतर मोठी बोट नवे प्रवासी आणायला बंदरात परतते, आणि दोन रात्रींच्या प्रवाशांना त्या दिवसापुरते एका छोट्या बोटीवर उतरवले जाते. ही छोटी बोट कमी गर्दीच्या भागात नेणारी असेल, कयाकला भरपूर वेळ देणारी असेल आणि जेवण तिच्यावरच शिजवले जात असेल, तर तो दिवस पहिल्या दिवसाहून सरस ठरतो. ती नुसती आणखी एका गुहेकडे आणि मोत्यांच्या दुकानाकडे नेणारी असेल, तर एकाच रात्रीवर थांबावे आणि उरलेल्या पैशांत बाय तू लाँगच्या मार्गावरची, नांगराच्या जागी कमी शेजार असलेली बोट घ्यावी.